'मॅटर घेऊन या' म्हणतात तिथे जा

पत्र: "मी सत्तावीस वर्षांची आहे. माहेर तासगाव, लग्नानंतर सांगलीत विश्रामबागला राहते. मराठीत एम. ए. केलंय. सकाळी शिकवण्या घेते, दुपारी चार तास मोकळे असतात. तीन लेख एका दैनिकाच्या पुरवणीत छापून आले, मानधन काही नाही. 'कंटेंट रायटर पाहिजे' अशा जाहिराती बघून तीस-पस्तीस ठिकाणी बायोडेटा पाठवला. एकानं ट्रायल म्हणून पाच लेख लिहून घेतले आणि गप्प झाला. दुसऱ्यानं टायपिंगच्या कामासाठी २,५०० रुपये नोंदणी मागितली. मराठी लिहून खरंच पैसे मिळतात का? कोण देतं, किती मागायचे, बुडवले तर काय करायचं? आणि टोपणनावानं लिहिलं तर चालेल का?" (एक वाचक, विश्रामबाग)

ताई, नमस्कार.

पैसे मिळतात. पण तुम्ही ज्या दारांवर थाप मारली, तिथे अख्ख्या महाराष्ट्रातून थापा पडताहेत. जाहिरात दिली की दोनशे बायोडेटा येतात, त्यामुळे पाच लेख फुकट लिहून घेणाऱ्याला सहावा लेखक शोधायला दहा मिनिटंही लागत नाहीत. लिहिणं हे जिथे कुणाचंच काम नाही, पण छापावं तर लागतंच, अशी दारं शोधा. त्यातलं पहिलं दार म्हणजे छापखाना.

कुठल्याही ऑफसेट प्रेसच्या काउंटरवर अर्धा तास उभ्या राहा. गिऱ्हाईक येतं, आकार ठरतो, कागद ठरतो, भाव ठरतो आणि शेवटी प्रेसवाला म्हणतो, "मॅटर घेऊन या," म्हणजे छापायचा मजकूर आणा. इथे गाडी अडते. पतसंस्थेचा सचिव गेल्या वर्षीच्या अहवालावर पेनानं खाडाखोड करून आणतो. शाळा सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी बावीस जणांच्या हस्ताक्षरातले बावीस कागद आणते. ठिबकवाला इंग्रजी कॅटलॉग टाकून जातो, "ह्याचं मराठी करून घ्या" म्हणून. ते सगळं डीटीपी ऑपरेटरच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्याच्या, गळ्यात पडतं. त्याला पानाचे पैसे मिळतात, वाक्याचे नाही, म्हणून आलेली चूक तशीच छापून जाते. 'मॅटर लिहून आणि तपासून मिळेल' असं सांगणारं माणूस काउंटरपाशी असलं, तर प्रेसवाल्याचं रखडलेलं काम सुटतं. त्याच्याकडे नोकरी मागू नका. नंबर ठेवून या, दोन नमुने दाखवा, आणि त्याचं कमिशन काय हे आधी विचारा. दहा-पंधरा टक्के मागितले तर कुरकूर करू नका, गिऱ्हाईक त्यानं आणलेलं आहे. मात्र बिल तुमच्या नावानं थेट संस्थेला जाईल की प्रेसच्या बिलात मिसळेल, हे पहिल्याच दिवशी ठरवा. प्रेसच्या बिलात मिसळलं की तुमचे पैसे कागदाच्या उधारीबरोबर अडकतात.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, पण सुरुवातीच्या लेखकाला इथे नाटकाआधी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल पैसे देतो. सहकारी संस्थांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेची नोटीस चौदा दिवस आधी सभासदांना जायला हवी, आणि अहवाल बहुधा नोटिशीबरोबरच जातो. उलटं मोजत या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अहवाल छापून तयार पाहिजे, म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मॅटर पक्कं पाहिजे. ऑगस्टमध्ये भेटायला गेलात तर सचिवाला बोलायला वेळ नसतो आणि मे महिन्यात गेलात तर तो म्हणतो, अजून ऑडिटच नाही. जून अखेर ते जुलै मध्य ही वेळ बरोबर. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, पगारदारांच्या संस्था, यांत तुमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी सभासद असतंच. सासऱ्यांच्या कपाटात गेल्या वर्षीचा अहवाल सापडेल. तोच तुमचा पहिला नमुना.

त्यात असं एक वाक्य हमखास असतं: "अहवाल सालात आपल्या संस्थेने सभासदांच्या अतूट विश्वासास पात्र राहून प्रगतीची उत्तुंग गरुडझेप घेतलेली असून ठेवींमध्ये भरीव अशी वाढ झालेली आहे." ताळेबंदात बघा. समजा ठेवी १६ कोटी ३० लाखांवरून १८ कोटी ४० लाखांवर गेल्यात. मग लिहा: "३१ मार्चअखेर संस्थेच्या ठेवी १८ कोटी ४० लाख रुपये आहेत. गेल्या वर्षापेक्षा त्या २ कोटी १० लाखांनी वाढल्या." सभासदाला हेच हवं असतं. अध्यक्षांना मात्र गरुडझेप हवी असते. ती त्यांच्या मनोगतात एकदा राहू द्या, तिच्यावरून भांडण नको.

अहवालाचं काम बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, आकडे. मजकुरातला आकडा कधीही सचिवानं फोनवर सांगितला म्हणून घालू नका. ऑडिटरची सही झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक समोर ठेवा, मजकुरातल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढून तो पत्रकाशी जुळवा. थकबाकीच्या टक्केवारीत दशांश चिन्ह सरकलं की सभेत माईक हातात घेणारा सभासद तयारच असतो, आणि मग दोष 'लिहिणाऱ्या बाईंचा'. दोन, मंजुरी. सचिव 'झकास' म्हणतो, मग अध्यक्ष बदल सुचवतात, मग उपाध्यक्षांचा फोटो लहान झालेला असतो. काम घेतानाच विचारा, "शेवटचा शब्द कोणाचा?" एकच नाव घ्या. दोन वेळा दुरुस्ती ठरलेल्या पैशात, तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे, हे त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा.

सचिवाला पाठवायचा निरोप एवढाच असू द्या: "नमस्कार. मी विश्रामबागला राहते. संस्थांच्या वार्षिक अहवालाचं मॅटर लिहून आणि तपासून देते. आपल्या गेल्या अहवालातलं तिसरं पान नमुन्यासाठी नव्यानं लिहून सोबत जोडलं आहे. चोवीस पानी अहवालाचे ६,००० रुपये होतील, ऑडिट झालेली पत्रकं मिळाल्यापासून आठ दिवसांत मॅटर देईन. कधी भेटायला येऊ?" त्यांचं जुनं पान लाल शाईनं रंगवून पाठवू नका. ते पान बहुधा त्यांनीच लिहिलेलं असतं.

आता शेती. ही तुमची मोठी जमेची बाजू आहे आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत. द्राक्षांच्या तासगावात वाढलेल्या मुलीला द्राक्षवेलीची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि फळछाटणी (घडांसाठी) यांतला फरक सांगावा लागत नाही. पुण्या-मुंबईत बसून भाषांतर करणाऱ्याला तो माहीत नसतो. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी, त्यानंतर बेदाण्याचा हंगाम. खतं, औषधं, ठिबक, शेडनेट, बेदाण्याच्या शेडचं सामान विकणारे प्रत्येक टप्प्याच्या आधी पत्रकं काढतात. म्हणजे फळछाटणीच्या पत्रकाचं काम जुलै-ऑगस्टमध्ये मागायचं. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतले छोटे उत्पादक, मार्केट यार्डातले वितरक, गावोगावचे कृषी सेवा केंद्रवाले, यांच्या टेबलावर इंग्रजी पत्रकं पडलेली असतात.

इथे एक चूक फार महाग पडते. मूळ इंग्रजी पत्रकात मात्रा बहुधा हेक्टरी दिलेली असते. आपला शेतकरी एकर आणि गुंठ्यात बोलतो. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. '२.५ किलो प्रति हेक्टर' याचं मराठी 'एकरी २.५ किलो' झालं, तर मात्रा जवळजवळ अडीचपट होते आणि बागेची पानं करपतात. बरोबर आकडा एकरी साधारण १ किलो. फवारणीचंही तसंच. '२ मिली प्रति लिटर' लिहून थांबू नका. सोयाबीनवाला पाठीवरच्या पंपाचा हिशेब करतो, त्याला '१५ लिटरच्या पंपाला ३० मिली' लागतं. द्राक्षवाला ट्रॅक्टरच्या ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या, टाकीवर मोजतो, त्याला ६०० लिटरला १,२०० मिली असं लिहिलेलं बरं. पण हे रूपांतर करून झालं की कंपनीच्या कृषी अधिकाऱ्याकडून तपासून घ्या आणि 'मात्रा बरोबर आहे' हा त्यांचा मेसेज जपून ठेवा. कीटकनाशकाच्या लेबलवरची पिकं आणि मात्रा मंजूर झालेल्या असतात. लेबलवर नसलेलं पीक 'द्राक्षालाही चालतं' म्हणून वितरकानं घालायला सांगितलं तरी घालू नका.

मिरजेतली रुग्णालयं हे आणखी एक दार. तिथे जाहिरात लिहिण्यापेक्षा पेशंटला घरी जाताना देण्याची पत्रकं जास्त कामाची: टाके कसे सांभाळायचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब कसे आणि किती वेळा, फिजिओथेरपीचे व्यायाम. सीमेपलीकडून कर्नाटकातलेही रुग्ण येतात, म्हणून वाक्य जितकं साधं तितकं बरं. 'शस्त्रक्रियेपश्चात द्रवपदार्थांचे सेवन करावे' असं लिहिण्यापेक्षा 'ऑपरेशननंतर पहिला दिवस फक्त पातळ: पेज, ताक, सूप' असं लिहा, आणि नेमकं काय चालेल ते डॉक्टरांकडून सही करून घ्या. औषधी काढे किंवा तेलं विकणारा कोणी 'मधुमेह मुळापासून बरा' असं लिहायला सांगेल. नाही म्हणा. औषधे आणि जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा अजून लागू आहे, मधुमेहाचं नाव त्याच्या यादीत आहे.

नमुन्यांविषयी. तुमचे तीन लेख तुमचेच आहेत. लेखी करार करून हक्क दिला नसेल तर पुरवणीत छापून आल्यानं कॉपीराइट दैनिकाकडे जात नाही, तेव्हा ते नमुना म्हणून बिनधास्त दाखवा. पण सचिवाला ललित लेख दाखवून उपयोग नाही. आणखी तीन नमुने स्वतःच तयार करा: अहवालाचं एक सुधारलेलं पान, एका इंग्रजी कृषी पत्रकाचं दोन पानी मराठी, आणि हळदीवर सहाशे शब्दांचा लेख, एखाद्या व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर शोभेल असा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळेच लिहितात. तुम्ही हरिपूरला जा, जमिनीखालच्या पेवात हळद कशी साठवत, तोंड कसं बंद करत, पुराचं पाणी शिरल्यावर काय झालं, हे एखाद्या जुन्या अडत्याला किंवा हमालाला विचारून लिहा. त्या लेखातला एक परिच्छेद वाचून समोरच्याला कळतं की ही बाई चौकशी करून लिहिते. तिन्ही नमुने एकेका पीडीएफमध्ये ठेवा. मोबाईलवर उघडणार आहेत, तेव्हा अक्षर मोठं.

किती मागायचे हा प्रश्न बाजाराला विचारू नका, आधी स्वतःच्या घड्याळाला विचारा. दिवसाचे चार तास, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे अठ्ठ्याऐंशी तास. त्यातले पंचवीस-तीस काम शोधण्यात, फोनवर आणि बिलं मागण्यात जातात. उरले साठ. महिन्याला १२,००० हवे असतील तर तासाला २०० पडले पाहिजेत. सातशे शब्दांच्या लेखाला माहिती गोळा करायला एक तास, लिहायला दोन, तपासायला एक: ८०० रुपये, शब्दाला एक रुपया चौदा पैसे. कोणी शब्दाला ४० पैसे देतो म्हणाला तर हातात २८० येतात, तासाला ७०. शिकवणीत याहून जास्त मिळत असेल तर ते काम सोडा. चोवीस पानी अहवालात निम्म्याहून जास्त पानं आर्थिक पत्रकांची असतात, ती लिहायची नसतात पण तपासायची असतात. सगळं धरून तीस तास, म्हणून वर ६,००० लिहिले. पहिल्या दोन कामांना तास जास्त लागतील. रोज वहीत तास टिपा, तिसऱ्या कामाला भाव आपोआप कळेल.

भाषांतर एजन्सीकडे जाणार असाल तर एक मेख लक्षात ठेवा. भाव मूळ इंग्रजी शब्दांवर आहे की तयार मराठी शब्दांवर, ते विचारा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात: 'इन द मार्केट' हे तीन शब्द, 'बाजारात' हा एक. हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत बहुतेकदा सात-आठशे होतात. मराठी शब्दांवर भाव ठरला की न बोलता पंचवीस टक्के गेले. दोन-तीनशे शब्दांची चाचणी फुकट देणं रिवाजाला धरून आहे. पाच अख्खे लेख ही चाचणी नव्हती, काम होतं. एजन्सीत टिकायचं तर ओमेगाटी हे फुकट मिळणारं भाषांतर-सॉफ्टवेअर शिकून घ्या, आठवडा लागेल. एकदा केलेलं वाक्य ते लक्षात ठेवतं, पण त्यामुळेच एजन्सी पुन्हा येणाऱ्या वाक्यांचे पैसे कापते, तेही आधी विचारून घ्यायचं. परदेशी पोर्टलांवर नवख्याला मराठीचं काम क्वचित लागतं आणि अर्ज करायलाही काही ठिकाणी पैसे मोजावे लागतात. तिकडे सध्या वेळ घालवू नका. दिवाळी अंकाला वर्षाकाठी एखादा लेख द्या, जून-जुलैत विचारा, 'मानधन आहे का' हेही त्याच फोनमध्ये विचारा. आकाशवाणीच्या सांगली केंद्रासाठी भाषण लिहिलंत तर मानधन आणि नमुना दोन्ही हाती येतं, पण त्यावर घर चालणार नाही.

प्रूफं, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका काढायचं काम, मात्र सोडू नका. पुस्तकाचं प्रूफ फॉर्मवर, म्हणजे सोळा पानांवर, ठरतं. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे शुद्धलेखनाचे अठरा नियम पाठ असले पाहिजेत, एम. ए. झालं म्हणून ते येतातच असं नाही. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ आणि छपाईआधीचं अंतिम, या तिन्हींचे मिळून पैसे की प्रत्येकाचे वेगळे, हे ठरवून घ्या.

टायपिंग इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण, कीबोर्डवर शिका. महिनाभर त्रास होईल, मग वेग दुप्पट. मोबाईलवर बोलून टाइप केलेलं चालतं, पण विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा बघावं लागतं. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर-संगणकावर दिसणाऱ्या अक्षरांत, लिहाल, प्रेसमध्ये बहुधा श्रीलिपीसारखा जुना फाँट असतो. रूपांतर करताना नेमकी ठरावीक अक्षरं मोडतात: 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र, 'ॲ', जोडाक्षरं, अवतरणचिन्हं. कुठे चौकोन येतात, कुठे 'दुसर्या' होतं. म्हणून वर्ड फाइलबरोबर पीडीएफही द्या, ऑपरेटरला मूळ काय होतं ते दिसेल. आणि रूपांतरानंतर स्वतः एकदा प्रूफ वाचल्याशिवाय 'छापा' म्हणू नका.

कोणीतरी म्हणेलच, "हे तर मोबाईलवर एआय फुकट लिहून देतं." वाद घालू नका. त्याच्याच मोबाईलवर लिहून घ्या आणि मोठ्यानं वाचून दाखवा. 'आमचे उत्पादन आपल्याला उत्कृष्ट परिणाम प्रदान करते' असं काहीतरी निघेल. मग विचारा, तुमच्या दुकानात येऊन कोणी असं बोलतं का? असं मॅटर माणसात आणून देण्याचंही काम घ्या, पण भाव नव्या लेखनाइतकाच लावा. दुसऱ्याचं बिघडलेलं नीट करायला कधी कधी लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो. तुम्ही स्वतः वापरलंत तर आकडे, नावं आणि तारखा एकेक करून तपासा, खोटी नावं ते बेधडक घालतं.

आता पैसे. अर्धे आधी, अर्धे अंतिम फाइल देताना. अंतिम म्हणजे छापायची फाइल. त्याआधी दाखवण्यासाठी पानावर आडवं 'नमुना' लिहिलेली पीडीएफ द्या. 'सभा झाली की बघू' आणि 'दिवाळीनंतर या' या दोन वाक्यांवर निम्मी उधारी उभी असते. सभा झाल्यावर अहवालाची कोणाला गरज उरत नाही. बिलावर क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, पानं किंवा शब्द, रक्कम, पॅन आणि बँक खातं लिहा, हस्तलिखित असलं तरी चालतं. जीएसटी नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही, उगाच काढू नका. एका संस्थेकडून वर्षात ५०,००० च्या वर फी झाली की हिशेबनीस बहुधा व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापेल. तो बुडत नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून परत मागता येतो. पॅन दिला नाहीत तर मात्र २० टक्के कापतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या असतात. नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानं गिऱ्हाइकानं लेखी ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी काही नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. सहा हजारांसाठी तक्रार करत बसावं असं आम्ही म्हणणार नाही. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि 'देय मुदत १५ दिवस' अशी एक ओळ असली की हिशेबनीस बिल वरच्या ट्रेमध्ये ठेवतो. लेखनाच्या हक्कांचंही, म्हणजे कॉपीराइटचंही, लेखीच असू द्या: हक्क कायमचे द्यायचे असतील तर लेखी, सही केलेला कागद लागतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. अहवालाला याची गरज नाही, कोणाच्या चरित्रासाठी किंवा पुस्तकासाठी लिहायला बसलात तर आधी हा कागद.

२,५०० रुपये भरले नाहीत हे फार बरं झालं. टायपिंगच्या नावाखालची ही फसवणूक पुढे अशी चालते: शे-दोनशे पानं टाइप करायला देतात, मुदत अशक्य असते. मग 'अचूकता कमी भरली' म्हणून काम नाकारतात आणि कराराचा भंग झाला म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवतात, पाच-सात हजार भरा नाहीतर केस. घाबरून लोक भरतात. ओळखीत कोणाला अशी नोटीस आली तर पैसे भरू नका, १९३० वर फोन करून सायबर तक्रार नोंदवायला सांगा. काम देणारा कामासाठी पैसे मागत नाही. ट्रायलवाल्याबद्दल: ते पाच लेख त्याच्या साइटवर छापून आलेत का, लेखातलं एखादं वाक्य अवतरणचिन्हात घालून शोधा. आले असतील तर पाच लेखांचं बिल, लेखांच्या लिंकसह, ईमेलनं पाठवा. तो देईल की नाही सांगता येत नाही, पण हक्क तुम्ही दिलेले नाहीत, तेव्हा 'पैसे द्या नाहीतर लेख काढा' असं लिहायचा अधिकार तुमचा आहे. छापले नसतील तर तेच लेख दुसरीकडे विका.

टोपणनाव चालतं. अहवालावर आणि पत्रकावर तर कुठलंच नाव येत नाही, ललित लेखाखाली हवं ते घाला. अडचण बिलावर येते. पॅनवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, असं बऱ्याच जणींचं असतं. पहिलं मोठं बिल गेलं की हिशेबनीस 'हे खातं कोणाचं?' म्हणून चेक थांबवतो, आणि पुढे टीडीएसचा परतावाही याच कारणानं अडकतो. लग्नाचा दाखला जोडून पॅनमधलं नाव आताच बदलून घ्या, किंवा माहेरच्या नावानं वेगळं बचत खातं काढा. जूनआधी एवढं उरकलं की जुलैत सचिवाला भेटायला जाताना पिशवीत तीन पीडीएफच्या छापील प्रती, एक कोरं बिल आणि गेल्या वर्षीचा अहवाल असू द्या.